संरक्षित वर्गातला आरोपी

१

सोमवारी सकाळी लॅबचं दार उघडलं, तेव्हा आत नको इतकी शांतता होती. कोल्डरूमची घरघर बंद पडली होती.

लॅबच्या प्रमुख तशाच उभ्या राहिल्या. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेली म्हणून सगळं ऑफिस त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत असे. मागून पहारेकरी आला. दोघांनी मिळून कोल्डरूमचं जाड दार ओढलं, तशी कोंदट, उबट हवा तोंडावर आली. फळ्यांवर नदीच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. हात लावला तर कोमट. भिंतीवरच्या विजेच्या पेटीचं झाकण सताड उघडं, खटका खाली पाडलेला, आणि पेटीच्या कुलपात किल्ली तशीच लोंबकळत होती. किल्लीला निळा बिल्ला होता.

"निळा म्हणजे..." पहारेकऱ्याने जीभ चावली.

निळा बिल्ला कुणाचा, ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी विभागाच्या प्रमुखांचा. सगळे त्यांना 'पाणीसाहेब' म्हणत.

"गेलं सगळं," डॉक्टर म्हणाल्या. "सॅम्पल नासली."

बॅटरीच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, वस्तीजवळ भरलेलं ते पाणी. पर्यावरण खात्याला कारखान्यावर खटला भरायचा होता, तो त्या बाटल्यांच्या जिवावर. दुपारच्या जेवणाची सुट्टी व्हायच्या आत संचालकांनी पाणीसाहेबांच्या हातात आरोपपत्र ठेवलं. नमुने जाणूनबुजून नासवल्याचा आरोप आणि तत्काळ निलंबन. पाणीसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"मी?" एवढंच ते म्हणाले. मग अंगातला कोट सावरत जिना उतरले. त्यांना लॅबमध्ये पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही.

२

सेवा आयोगाने चौकशीसाठी ज्या तपासनीस बाई पाठवल्या, त्यांचे गुडघे दुखत आणि त्या फार बोलत नसत. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, हीच त्यांची विद्या. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. तो बोलत सुटतो आणि स्वतःच्याच दोरीत पाय अडकवून घेतो.

"सरळ प्रकरण आहे, बाई," संचालक म्हणाले. त्यांच्या खिडकीतून नदी दिसली असती, पण पडदा ओढलेला होता. "किल्ली त्यांची. आणखी काय हवं?"

"ही सॅम्पल बरेच दिवस पडून होती म्हणे. तपासली का नाहीत?"

"वरून परवानगी यायची होती."

"वरून म्हणजे?"

संचालकांनी छताकडे पाहिलं. त्या इमारतीत त्यांच्या वर फक्त पाण्याची टाकी होती.

बाई गप्प बसल्या.

"झालं ते झालं," संचालकांना राहवेना. "एका अर्थी सुंठीवाचून..." आणि एकदम त्यांना खोकलाच आला.

तिथून बाई हवा विभागाच्या प्रमुखांकडे गेल्या. त्यांना 'हवासाहेब' म्हणत, आणि त्यात विभागापेक्षा स्वभावाचा वाटा मोठा होता.

"बिचारे," हवासाहेब खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. "पण हट्टी हो! आता वर्ग बदलतोय ना आमचा..."

वर्गाचं प्रकरण बाईंना ठाऊक होतं. खात्यातल्या वरिष्ठ पदांचा आजवर 'संरक्षित वर्ग' होता. त्या वर्गातल्या अधिकाऱ्याला आरोप ठेवून, उघड सुनावणी घेऊन मगच काढता येई. येत्या पहिल्या तारखेपासून ही पदं नव्या वर्गात जाणार होती. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. ऑफिसच्या व्हरांड्यांतून त्याला 'मर्जीचा वर्ग' म्हणत. मर्जी आहे तोवर खुर्ची. मर्जी फिरली की दोन ओळींचं पत्र, ना कारण ना सुनावणी. जे आधीच संमतीची सही देतील, ते त्या दिवसापासूनच नव्या वर्गात, आणि वर पगारवाढ.

"मी सही केली, डॉक्टरांनी केली," हवासाहेब म्हणाले. "हे महाशय काही करेनात. मला म्हणतात, खरं बोलता येत नाही ती खुर्ची जास्त पगारावर घेऊन काय करू? घ्या आता! आणि सॅम्पलची तर वाटच लागली. नदीचं पाणी ते, उबलं की दुधासारखं नासणारच."

"त्यांची किल्ली कुठे असते?"

"कोटाच्या खिशात. कोट लॅबमधल्या खुंटीवर. आम्ही सगळे तिथेच कोट काढतो, ॲप्रन चढवतो." हवासाहेबांचा आवाज एकाएकी खाली आला. "म्हणजे, किल्ली कुणालाही घेता आली असती, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाहीये," बाई म्हणाल्या.

३

डॉक्टर लॅबच्या टोकाला एका उंच स्टुलावर बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाटल्या एका खोक्यात घालून खोक्यावर लाखेचा शिक्का मारलेला होता.

"हा शिक्का कुणी मारला?"

"मी. संचालक म्हणत होते, नासकं पाणी मोरीत ओता आणि बाटल्या धुऊन ठेवा. मी म्हटलं, आरोपपत्रात यांचा उल्लेख आहे, आता हा पुरावा झाला. हात लावू देणार नाही."

"नासलेला पुरावा."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "नासलेला."

मग त्या वस्तीबद्दल बोलू लागल्या. पाणी भरायला त्या स्वतः गेल्या होत्या. तिथल्या शाळेतली मुलं वर्गात पोट धरून बसतात. शिकवलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. एका मुलीला त्यांनी तोंड उघडायला लावलं, तर हिरड्यांवर निळसर रेघ. शिसं पोटात गेल्याची खूण. "तिची आई मला विचारते, ब्रश नीट करत नाही म्हणून असेल का? काय सांगणार होते मी तिला? परवानगीशिवाय मशीन लावलं तर तपासणी कोर्टात चालत नाही, आणि परवानगी यायची नव्हती. बाटल्यांची मुदत संपली की त्या आपोआप मोरीत."

"पाणीसाहेबांनी हे केलं असेल?"

डॉक्टरांनी खोक्यावरचा शिक्का बोटाने चाचपला.

"त्यांनी मला या खात्यात आणलं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना दादा म्हणते."

बाईंना जे विचारायचं होतं, त्याचं हे उत्तर नव्हतं. निघताना दाराशी त्यांना कापडी पिशवीत बांधलेला जेवणाचा डबा दिसला, एका माणसाला जास्त होईल एवढा.

४

पाणीसाहेबांच्या दारावरची घंटा बाईंना दोनदा वाजवावी लागली. दार त्यांच्या बायकोने उघडलं, तेही साखळी न काढता.

"आणखी काय राहिलंय आमचं न्यायचं?"

"येऊ दे गं त्यांना," आतून आवाज आला.

पाणीसाहेब जेवणाच्या टेबलाशी घड्याळ उघडून बसले होते. दुरुस्त करत होते की नुसतेच उघडून बसले होते, कळत नव्हतं. दाढी वाढलेली.

"लेकीच्या सासरी पेपर वाचतात हो," बायको पदराने हात पुसत म्हणाली. "व्याह्यांचा फोन आला. म्हणाले, काळजी वाटली म्हणून केला. काळजी! शेजारीण जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघते. एक ती डॉक्टर तेवढी रोज येते. डबा आणते, दारात उभी राहून रडते. सख्खी नणंद एवढं करणार नाही."

बाईंनी पाणीसाहेबांकडे पाहिलं. "तुमच्यावर सॅम्पल नासवल्याचा आरोप आहे. तुमचं म्हणणं काय?"

"नासवली कशी म्हणे?"

"कोल्डरूम बंद करून. दोन दिवस उबेत राहिली."

पाणीसाहेबांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "आरोपपत्रात 'नासवली' एवढंच लिहिलंय. मला वाटलं, कुणी ओतून दिली, नाहीतर त्यात काही कालवलं. बाई, बाटली भरतानाच आम्ही तिच्यात ॲसिड टाकतो. मग शिसं कुठे जात नाही. तुम्ही ती बाटली चुलीशेजारी ठेवा, महिन्याने तपासा, आकडा तोच येईल. आम्ही ती कोल्डरूममध्ये ठेवतो, कारण त्या खोलीला कुलूप आहे. बस्स."

"म्हणजे सॅम्पल नासलेली नाहीत?"

"शिशाची सॅम्पल अशी नासतच नाहीत."

बाईंनी पिशवीतून वही काढली.

"मी हे लिहून घेते," त्या म्हणाल्या.

"घ्या. पण आता त्याचा उपयोग नाही." पाणीसाहेबांनी टेबलावरचं पाकीट पुढे सरकवलं. "राजीनामा आहे. उद्या सकाळी देतो. माणसाच्या नावाला एकदा डाग लागला की तो पुसत बसण्यात अर्थ नसतो. हिला तरी जिन्यातून मान वर करून जाता येईल."

५

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच बाईंनी आस्थापना अधिकाऱ्याला गाठलं. नोकरीचे सगळे नियम त्याला तोंडपाठ असल्याने त्याचं नावच 'नियमावली' पडलं होतं. बायकोशी भांडतानाही तो पोटकलम सांगतो, असं लोक म्हणत.

"आरोपीने राजीनामा दिला तर?" बाईंनी विचारलं.

"मंजूर झाला की चौकशी बंद. सुनावणी नाही, पुरावा तपासणं नाही. काहीच नाही."

"आणि नाही दिला तर? पहिल्या तारखेला त्यांचा वर्ग बदलणारच ना?"

"तीच तर गंमत आहे." नियमावली खुलला. "एकदा आरोपपत्र हातात पडलं की प्रकरण संपेपर्यंत माणूस जुन्याच वर्गात राहतो. संरक्षित! उघड सुनावणी द्यावीच लागते, आणि वादातली वस्तू बाहेरच्या प्रयोगशाळेत, सगळ्यांसमक्ष तपासावी लागते. संचालकसाहेब चार दिवस थांबले असते, तर दोन ओळींत काम झालं असतं. मी त्या सोमवारी रजेवर होतो, नाहीतर अडवलं असतं. आयतं कोलीत मिळालं म्हणून धावले, आणि हात पोळून घेतला." मग तो थबकला. "मला नवल वाटतं, हाच प्रश्न या महिन्यात मला दुसऱ्यांदा विचारला जातोय."

"आधी कुणी विचारला?"

"डॉक्टरांनी, जेवताना. त्यांना स्वतःपुरतं जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही सही केलीत, तुमच्यावर आरोप आला तरी तुम्हाला सुनावणी नाही. तुम्ही मर्जीतल्या. हवासाहेबही तसेच. राहिले एकटे पाणीसाहेब. फार हिरमुसल्या हो. ताट तसंच टाकून गेल्या."

६

बाई लॅबकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या मनात कोडं सुटलेलं होतं. त्याचा आनंद मात्र नव्हता.

कारखान्याची पाठराखण करणाऱ्याला ही घाई करायचं कारण नव्हतं. संचालकांनी बाटल्या नुसत्या पडू दिल्या असत्या, तरी मुदतीनंतर त्या मोरीत जाणारच होत्या. हवासाहेबांना पाणीसाहेबांचा काटा काढायचा असता, तर पहिल्या तारखेनंतर तो आपोआप निघत होता. पहिली तारीख यायच्या आत गुन्हा घडावा, अशी गरज कुणाला असेल? जिला सुनावणी हवी होती तिला. गुन्हा दिसावा पण बाटलीला धक्का लागू नये, ही काळजी कोण घेईल? ॲसिडचं ज्याला माहीत आहे, तो. असं माहीत असलेली माणसं दोनच. पाणीसाहेबांनी पहिल्याच प्रश्नाला ते सांगून टाकलं. ते सुनावणीच्या मागे असते, तर राजीनामा लिहून बसले नसते. दुसऱ्या व्यक्तीने मात्र कोमट बाटली हातात धरून 'नासलं' म्हटलं, पुन्हा विचारलं तरी 'नासलं' म्हटलं, आणि नासलेल्या पाण्यावर लाखेचा शिक्का मारला.

डॉक्टर काचेच्या नळ्या धूत होत्या.

"पाणीसाहेब राजीनामा देतायत," बाई म्हणाल्या. "आज."

हातातली नळी बेसिनच्या कडेवर आपटून फुटली. "नाही! दादांनी राजीनामा द्यायचा नाही! सुनावणी होईपर्यंत तरी..."

बाई गप्प राहिल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं. त्या स्टुलावर बसल्या. बोटातून रक्त येत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी आधी स्वतःवरच घेणार होते," त्या म्हणाल्या. "माझी किल्ली तिथे ठेवणार होते. पण मी सही करून बसले होते. धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते, वर्ग कसला हा विचारही केला नाही. मला सुनावणी नव्हती. ज्याला होती, असा एकच माणूस होता."

"म्हणून त्यांच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढलीत."

"हो."

"त्यांना विचारलं का नाहीत?"

"त्यांना खोटं बोलता येत नाही. शपथेवर तर नाहीच. आणि ते नाही म्हणाले असते, तर पुढे काही करताच आलं नसतं. मी ठरवलं, न विचारताच करायचं." त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं. "केसाने गळा कापला मी त्यांचा. लिहा तुम्ही. काय लिहायचं ते लिहा."

बाईंची वही पिशवीतच होती. खरं लिहिलं, तर पाणीसाहेबांवरचा आरोप आजच गळतो. मग उघड सुनावणी नाही, बाटल्या मोरीत, आणि पहिल्या तारखेनंतर दोघांनाही दोन-दोन ओळींचं पत्र. लिहिलं नाही, तर एक निर्दोष माणूस महिनोन्महिने चोर म्हणून जिना चढणार-उतरणार.

"हे मी ठरवणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं नाव पणाला लागलंय, ते ठरवतील."

७

पाणीसाहेब कोट घालून निघायच्याच तयारीत होते. बाईंनी त्यांना पुन्हा बसायला लावलं आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

बायको ताडकन उभी राहिली. "रोज माझ्या दारात येऊन रडत होती! मी तिला पाणी देत होते, पाठीवरून हात फिरवत होते!"

पाणीसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी राजीनाम्याचं पाकीट उचललं, उलटसुलट केलं.

"आरोपीने स्वतः उघड सुनावणी मागितली तर तुमच्या अहवालाचं काय होतं?"

"मग माझा अहवाल लागतच नाही. प्रकरण थेट सुनावणीला जातं."

"म्हणजे तुम्हाला खोटं लिहावं लागत नाही."

"नाही. पण साहेब, किती महिने लागतील सांगता येत नाही. आणि शेवटी 'निर्दोष' असा शब्द मिळेलच असंही नाही."

"अहो, नका हो," बायको म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता. "आपण काय बिघडवलंय कुणाचं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "त्या मुलीच्या हिरड्या मीही पाहिल्यात," ते म्हणाले. मग पाकीट मधोमध फाडलं. "कागद द्या, बाई. सुनावणीची मागणी लिहितो."

लिहून झाल्यावर त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव घालून.

"तिला दोन गोष्टी सांगा. आजपासून तिने डबा आणायचा नाही. या घरात पाऊल टाकायचं नाही."

"आणि दुसरी?"

पाणीसाहेब उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच बोलले. बाईंनी ते शब्द नीट लक्षात ठेवले.

"पण ही दुसरी आत्ता नका सांगू," ते म्हणाले. "सगळं संपल्यावर सांगा. सुनावणीत ती मोडता कामा नये."

८

सुनावणी लांबली. संचालकांनी तारखांवर तारखा घेतल्या, पण शिक्का मारलेलं खोकं अखेर सगळ्यांसमोर उघडलं. बाहेरच्या प्रयोगशाळेने बाटल्या तपासल्या. पाणी नासलेलं नव्हतं. आणि त्यात शिसं इतकं होतं, की आकडा वाचणाऱ्याने तो चुकला असेल म्हणून पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या पेपरांत होता. कारखान्याला टाळं लागलं. वस्तीला पाण्याचे टँकर सुरू झाले. ज्या मुलांच्या अंगात शिसं भिनलं होतं, त्यांच्या अंगातून ते कुणी काढू शकलं नाही.

सुनावणीत डॉक्टरांना एकच अडचणीचा प्रश्न आला. "ही सॅम्पल नासत नाहीत, हे तुम्हाला रसायनतज्ज्ञ म्हणून माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," त्या म्हणाल्या.

खटका कुणी पाडला, हे मग कुणी विचारलंच नाही. काही नासलंच नव्हतं, तेव्हा गुन्हा कसला? पाणीसाहेबांच्या निकालात 'आरोप सिद्ध होत नाही' एवढंच आलं. 'निर्दोष' आलं नाही. त्यांनी त्याच आठवड्यात निवृत्ती घेतली. लेकीच्या सासरचे अजूनही जपूनच बोलतात.

डॉक्टरांना दोन ओळींचं पत्र आलं. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. कारण दिलेलं नव्हतं, आणि ते मागायचा हक्क त्यांना नव्हता.

बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा लॅबमधलं त्यांचं टेबल रिकामं झालं होतं. पुस्तकांचा गठ्ठा, एक स्वेटर, चहाचा कप. डॉक्टर बारीक झाल्या होत्या.

"दादा कसे आहेत?"

"बरे आहेत. फिरायला जातात."

"माझं नाव काढतात?"

"नाही." बाईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. आयुष्यभर त्यांनी गप्प बसून माणसांना बोलतं केलं होतं. आज बोलायची पाळी त्यांची होती. "तुमच्यासाठी त्यांचा एक निरोप आहे. तेव्हाच दिला होता. सगळं संपल्यावर सांगा म्हणाले होते."

डॉक्टरांनी हातातला स्वेटर घट्ट धरला.

"ते म्हणाले, तिला सांगा, विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हवासाहेबांशी हसत बोलत गेलं. मग डॉक्टर हळूच खाली, थेट फरशीवरच बसल्या, आणि वर पाहून त्यांनी विचारलं, "मग मी केलं काय हो, बाई?"

गुडघे दुखत होते, तरी बाई त्यांच्याशेजारी फरशीवर टेकल्या.